काचेतली लाट

हिरव्या मिरच्यांची देठं काढता काढता शालूचा हात सवयीनं कपाळावरच्या बटेकडे गेला, आणि बट मागं सारताना बोटाचं टोक उजव्या डोळ्याच्या कडेला लागलं. लागलं म्हणजे नुसतं शिवलं, पण डोळा असा पेटला की ती तशीच नळाशी धावली. रविवारची सकाळ होती. कुकर नुकता गप्प झाला होता. गॅलरीत तिचे यजमान, हिंदुराव, मटार सोलत बसले होते आणि सोललेले निम्मे तोंडात टाकत होते. उजवा डोळा घट्ट मिटून, ओंजळ भरेपर्यंत, तिनं डाव्या एकट्या डोळ्यानं समोर पाहिलं. तर ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्समधली करडी रेघ मधेच खाली बसली होती. ओल्या गिलाव्याला कुणी जाता जाता अंगठा लावावा, तेवढीच. शालूनं नजर थोडी उजवीकडे नेली. खळगा उजवीकडे आला. वरच्या रेघेकडे पाहिलं, तर तो वर येऊन बसला. जिथं बघावं तिथं तो हजर, पाळलेल्या मांजरासारखा. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं तरी ती तशीच उभी. मग तिनं डाव्यावर तळहात ठेवला आणि जळजळता उजवा डोळा जरासा उघडला. पाण्याच्या पडद्याआडून टाइलची रेघ दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आखल्यासारखी सरळ. पुन्हा डावा. खळगा. तिनं तो ओळखला. गेले दोन आठवडे ती याच्याशीच भांडत होती, फक्त तो काचेत आहे असं समजून.

काच विमानाची होती. सोलापूर रस्त्याला लागून आत गेलं की पत्र्याच्या मोठ्या छपराखाली त्यांचं वर्कशॉप होतं. तिथं विमानं येत नसत, विमानांचे डोळे आणि हाताची बोटं येत, असं शालू माहेरच्यांना सांगायची. वैमानिकाच्या पुढ्यातले पडदे, बटणांच्या पेट्या, फिरवायच्या मुठी, जे काही दिसायचं बंद झालं किंवा दाबलं तरी ऐकेनासं झालं, ते फोमच्या गादीत गुंडाळून इथं येई, उघडलं जाई, झाडलं-पुसलं जाई, त्याचे जुने अवयव काढून नवे बसत, आणि शेवटी शालूच्या टेबलावर येई. त्यातला तिचा सगळ्यात आवडता पडदा म्हणजे क्षितिजाचा. वर निळं आभाळ, खाली तपकिरी जमीन, आणि दोघांच्या मधे एक पांढरी रेघ. विमान ढगात शिरलं की माणसाला बाहेरचं काही दिसत नाही. वर कुठं, खाली कुठं, ते तेवढी रेघ सांगते. विमान कललं की रेघ कलते. पहिल्यांदा तो पडदा उजळलेला पाहिला तेव्हा शालूला वाटलं होतं, हे तर आमचं रान. लोणी काळभोरला पेरणीच्या आधी नांगरून ठेवलेलं रान आणि त्यावर टेकलेलं आभाळ, असंच तर दिसतं. आणि कानात आई दळायला लागली होती, जात्याच्या घरघरीवर रेललेला तिचा आवाज:

सरळ गं तास काढी, बैल माझा पवळा,
त्याच्या मागं चालताना, जीव माझा मोकळा.

तास सरळ निघाला पाहिजे, हे शालूनं कुणाकडून शिकलं नव्हतं. ते घरात वाऱ्यासारखं होतं. वडील, गेनबा, नांगर धरून पहिल्या तासाला लांबच्या एका बाभळीवर नजर लावायचे आणि तिथं पोचेपर्यंत खाली बघायचे नाहीत. म्हणून वर्कशॉपमध्ये जेव्हा जुन्या साहेबांनी तिला शेवटच्या तपासणीला बसवलं, तेव्हा ती बसली ती जणू बाभळीवर नजर लावूनच. डाव्या डोळ्याला भिंग, उजवा मिटलेला, आणि पडद्यावर उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघांची जाळी. एकेक रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत जायची. मशीनही तपासे, पण मशीननं पास केलेला पडदा एकदा शालूनं परत पाठवला होता, कोपऱ्यात आभाळ किंचित मळल्यासारखं वाटतं म्हणून, आणि उघडल्यावर आत खरोखरच दमट वाफ धरलेली निघाली होती. तेव्हापासून तिथं रीतच पडली. मशीन काय म्हणतं ते कागदावर, आणि शालूताई काय म्हणतात ते शिक्क्यावर. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती एक वाक्य ऐकवायची, वैमानिक मीटरनं बघत नाही, डोळ्यानं बघतो. पोरं ते वाक्य तिच्या पाठीमागे तिच्या आवाजात म्हणून दाखवायची. तिला ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

दोन आठवड्यांपूर्वी यज्ञेश्वरनं काच बदललेला एक क्षितिजाचा पडदा तिच्याकडे आला. यज्ञेश्वर नारायण पेठेतला. चाळिशीचा, चष्मा कपाळावर, हात सर्जनसारखे आणि जीभ मंडईतल्या सुरीसारखी. पडद्यावरची वरची काच तो बसवायचा. आत हवेचा बुडबुडा नाही, चिकटवणीचा ताण नाही, काच आणि पडदा जणू एकाच पाण्याचे दोन थर. शालूनं भिंग लावलं आणि रेघेवर चालू लागली, तर पाय खळग्यात. "काचेत लाट आहे," ती म्हणाली. यज्ञेश्वरनं वाकून पाहिलं, चष्मा उतरवून पाहिलं, चढवून पाहिलं. "मला तर शांत समुद्र दिसतोय." तरी त्यानं काच सोडवली, दुसरी बसवली. पुन्हा लाट. "शालूताई, लाट असती तर मशीनला दिसली असती." "मशीन कुठं विमान चालवतं?" "हल्ली तेच चालवतं. वैमानिक नुसता चहा पितो." सगळे हसले, शालूही हसली, आणि पडदा नापास केला. तिसऱ्या वेळी यज्ञेश्वर विनोद करायला थांबला नाही. काच घेऊन गेला, परत आणली, टेबलावर ठेवून म्हणाला, "काच बदलली, चिकटवणी बदलली. आता फक्त मीच बदलायचा राहिलोय." शालूनं भिंग लावलं. मधल्या त्या दिवसांत तिच्याकडे बटणांच्या पेट्याच आल्या होत्या, आणि बटणं ती बोटांनी तपासायची, डोळे जवळजवळ मिटून, दाबताना होणारी ती बारीक टिचकी ऐकत. त्यामुळं दुसरी कुठली रेघ समोर आलीच नव्हती. तिनं फक्त या एकाच पडद्याकडे पाहिलं, आणि लाट तिथंच होती. थोडी मोठीच. शुक्रवारी वर्कशॉपच्या आताच्या साहेबांनी, गोपाळकृष्ण साहेबांनी, तिला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, सोमवारपासून यज्ञेश्वरला काचेच्या कामावरून काढतोय, स्टोअरला बसेल, खोकी मोजेल. "तुम्ही तीनदा नापास केलंत म्हणजे त्याच्या हातातच काहीतरी आलंय. कंप म्हणा, काय म्हणा. वाईट वाटतं, पण काय करणार?" शालूनं मान हलवली होती. वाईट तिलाही वाटलं होतं. त्या वेळी तिला वाटलेलं वाईट किती स्वच्छ होतं, निथळलेल्या पाण्यासारखं! दुसऱ्याच्या हाताबद्दल वाटणारं वाईट.

तोंड न पुसताच ती गॅलरीत आली. हिंदुरावांनी मान वर केली. एसटीच्या डेपोत आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्ट निवांत चौकशी करून घ्यायची सवय लागलेली. "रडतीयास का मिरची?"

"मिरची."

"मग दोन्ही डोळं का वल्लं?"

ती खाली त्यांच्या शेजारी बसली आणि उगाच एक शेंग उचलून फोडली. आत दाणे ओळीनं बसले होते. उजव्यानं सरळ ओळ. डाव्यानं मधला दाणा कुठं गेला ते दिसेना. "अहो, ओट्यामागची टाइल सरळ आहे का हो?"

"कुठली? बिल्डरच वाकडा होता, टाइल कशी सरळ आसंल?"

"खरं सांगा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, हिंदुराव मटाराचं ताट बाजूला ठेवून उठले, आत गेले, बराच वेळ तिथं काही खुडबुड करत राहिले. आले तेव्हा हातात तिच्या शिवणाची फूटपट्टी होती. "सरळ हाय," ते म्हणाले, आणि मग हळू, "काय झालं शालू?" तिनं सांगितलं. सांगायला फारसं लागलंच नाही. दोन वाक्यांत ते संपलं, आणि संपल्यावर खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचाच आवाज बराच वेळ गॅलरीत राहिला. हिंदुरावांनी आपला एक डोळा मिटून समोरच्या इमारतीकडे पाहिलं, मग दुसरा मिटून. जणू आपल्यालाही थोडं वाकडं दिसलं असतं तर बरं झालं असतं. "उद्या सकाळी डॉक्टर," ते म्हणाले.

"उद्या सकाळी कामावर. डॉक्टर संध्याकाळी."

"आगं, ती रेघ काय पळून चाललीय?"

"यज्ञेश्वर चाललाय," शालू म्हणाली.

दुपारी जेवणं झाल्यावर हिंदुराव लवंडले आणि ती खिडकीशी बसून राहिली. खिडकीला गज होते. गजांकडे तिनं डाव्या डोळ्यानं पाहिलं आणि मधला गज थोडा बाहेर फुगला, पोटुशी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते तसा. तिला हसू आलं, आणि हसू येता येता आई आठवली. शेवटच्या वर्षांत आईनं, सरुबाईनं, एक दिवस जाहीर केलं होतं की घराची चौकट वाकली. लोणीचं नवं घर, भावानं, संपतनं, हौसेनं बांधलेलं, सागवानी चौकट. "वाकलीय रं, बघ की, मधूनच पोट काढलंय." संपतनं आधी हसण्यावारी नेलं, मग वैतागला, रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दारात थांबवून दाखवायची. शेवटी त्यानं सुतार बोलावला. सुतारानं चौकटीला ओळंबा लावला. लोखंडी वजन दोरीला लोंबलं, डुललं, स्थिर झालं. दोरी आणि लाकूड शेजारी-शेजारी, वरपासून खालपर्यंत बोटभर अंतर ठेवून. "बघा आत्याबाई, तसूभर फरक न्हाई." आई पुढं झाली, डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला: "दोरीबी वाकडी हाय तुजी."

सगळं घर हसलं होतं. सुतार हसून हसून उंबऱ्यावर बसला होता. शालूही त्या दिवशी माहेरी होती, तीही हसली, आणि मग शिकलेल्या मुलीच्या आवाजात म्हणाली होती, "आई, दोरी कशी वाकडी असेल? वजनानं लोंबतेय ती." आई नुसती चौकटीवरून हात फिरवत राहिली होती, वरून खाली, खालून वर, गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा. आता खिडकीशी बसून शालूला तो हात पुन्हा दिसला, आणि पहिल्यांदाच तो हात काय करत होता ते कळलं. डोळे सांगत होते वाकडं, बोटं सांगत होती सरळ, आणि आई त्या दोघांच्या मधे उभी होती. कुणाचं खरं मानावं ते तिला सांगणारं कुणी नव्हतं. सगळे हसत होते.

तिच्या डाव्या मनगटावर गोंदण होतं, ठिपक्यांची एक ओळ, बांगडीसारखी. तेही आईचंच. नोकरी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं होतं की कामाच्या जागी बांगड्या चालत नाहीत. काचेच्या तर नाहीतच. अंगातली वीज पकडायला मनगटाला पट्टा लावायचा, पट्ट्याची वायर जमिनीत. एवढ्याशा ठिणगीनं पडद्यातला बारीक जीव जळून जातो आणि जळाल्याचं लगेच कळतही नाही. रोज फाटकाशी बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या, संध्याकाळी घालायच्या. लग्न झाल्यावर आईला ते खपेना. सवाष्णीचा हात दिवसभर मोकळा! शेवटी जत्रेला गेलेली असताना तिनं शालूला गोंदणाऱ्या बाईपुढं बसवलं आणि मनगटाभोवती ठिपके काढून घेतले. "ही बांगडी काढायला लागत न्हाई. इज धरत न्हाई ना हिला?" शालू म्हणाली होती, नाही धरत. तेव्हापासून पट्टा बरोबर त्या ठिपक्यांच्या वर बसे. आता तिनं मनगट डोळ्यासमोर धरलं. डाव्या डोळ्याला ठिपक्यांच्या ओळीत एक जागा रिकामी दिसली. बोटानं चाचपलं. अर्थात तिथं काही लागण्यासारखं नव्हतंच. गोंदण हाताला लागत नाही.

आणि मग, अगदी सावकाश, दुपारच्या त्या शांततेत एक विचार आला आणि तिच्याजवळ येऊन बसला. त्यात काही घाबरवणारं नव्हतं. भिंग उजव्या डोळ्याला लावायचं. एवढंच. आत जायचं, पडदा लावायचा, भिंग या हातातून त्या हातात. कोण बघतं, बाई कुठल्या डोळ्यानं बघते? म्हणायचं, आज स्वच्छ दिसतंय, आणि शिक्का मारायचा. यज्ञेश्वर स्टोअरला जाणार नाही. ती घरी बसणार नाही. उजवा डोळा चांगला आहे, लबाडी कुठं आहे यात? ती उठून आतून भिंग घेऊन आली, घरचं, सुईत दोरा ओवायचं, आणि उजव्या डोळ्याला लावून गज पाहिले. सरळ. टाइल पाहिली. सरळ. हात थोडा अवघडला, पण दोन दिवसांत सरावेल. ती बराच वेळ तशी भिंग लावून घरभर हिंडली, कपाटाची कड, कॅलेंडरची चौकट, देव्हाऱ्याची पायरी. सगळं जागच्या जागी होतं. फक्त यज्ञेश्वरचं वाक्य मागून येत राहिलं, आता फक्त मीच बदलायचा राहिलोय. तिनं शिक्का मारला असता तर लोक म्हणाले असते, चौथ्या तपासणीला का होईना, पास झाला बुवा. आणि त्याला स्वतःला वाटलं असतं की आधीच्या काचांत आपलं काहीतरी चुकलंच होतं. काच हातात घेताना दर वेळी तो आपल्या बोटांकडे बघत राहिला असता. चांगला हात संशयानं कापायला लागतो, हे तिला ठाऊक होतं. आईनंही शेवटी चौकटीला हात लावायचं सोडून दिलं होतं.

ट्रेनिंगच्या दिवसांतली एक खुर्ची तिला आठवली. हवाई दलातून निवृत्त झालेले एक शिक्षक, दिगंबर सर, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी वर्गात एक गोल फिरणारी खुर्ची आणली होती. वर्गात मुलगी अशी शालू एकटीच, म्हणून तिलाच आधी बसवलं. डोळ्यांवर रुमाल. मूठ मिटून अंगठा बाहेर. खुर्ची ज्या बाजूला फिरते असं वाटेल त्या बाजूला अंगठा दाखवायचा. सरांनी खुर्ची फिरवली. शालूनं अंगठा उजवीकडे केला. बराच वेळ फिरत राहिली. मग वाटलं थांबली, मग वाटलं आता उलटी फिरतेय, डावीकडे, जोरात, पोटात खड्डा पडावा इतक्या जोरात. तिनं अंगठा डावीकडे केला. वर्ग खदखदा हसला. सरांनी रुमाल सोडला तेव्हा खुर्ची स्थिर उभी होती, कधीचीच थांबलेली, आणि तिचा अंगठा एकटाच डावीकडे निघालेला. तिनं तो हळूच मिटून घेतला होता, पदराआड वस्तू लपवावी तसा. "हसू नका," सर म्हणाले होते. "ढगात शिरलेल्या प्रत्येकाचं असंच होतं. शरीर लबाड नसतं, पण चुकतं. आणि चुकताना ते फार खात्रीनं चुकतं. म्हणून तर तुम्ही ती रेघ सरळ ठेवायची. पोटात काहीही होवो, वैमानिकानं तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे." इतकी वर्षं तिनं ती रेघ दुसऱ्यांसाठी सरळ ठेवली. कुठल्या कुठल्या आभाळात, नाव-गाव माहीत नसलेली माणसं स्वतःच्या पोटाचं न ऐकता तिच्या रेघेचं ऐकत राहिली. आपल्यावर कधी ढग येईल, हे मात्र तिच्या मनात आलं नव्हतं. कोपऱ्यातून ऊन सरकलं. ती गुणगुणत होती हे तिला मागाहून कळलं. आईचीच चाल, शब्द कुठून आले कोण जाणे:

आभाळ नि रान गं बाई, एका रेघेनं शिवलं,
शिवणीत बोट कुणी, हळूच गं रोवलं.

सोमवारी फाटकाशी बांगड्या काढताना तिनं त्या एकेक करून काढल्या. पट्टा लावला, तपासणीच्या पाटीवर बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला, म्हणजे अंगातली वीज जमिनीशी बोलतेय. यज्ञेश्वर त्याच्या टेबलाचे खण आवरत होता. लहान पकडी एका फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. शालूनं नापास पडदा स्वतः कपाटातून काढला, जोडला, उजळवला. जाळी उमटली. मग वायरी बांधायच्या मेणाच्या दोऱ्याचा एक तुकडा कापून त्याला खाली एक नट बांधला. "यज्ञेश्वर, इकडं ये जरा."

"आता काय राहिलं? खोकी मोजायला साडेनऊला हजर व्हायचंय मला, पहिलाच दिवस आहे, लेट मार्क नको."

"हा दोरा धर. पडद्यासमोर. हात हलवू नको."

त्यानं दोऱ्याकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं. "काय, दृष्ट काढताय का काचेची?" पण धरला. नट डुलला, मंदावला, थांबला. दोरा जाळीच्या एका उभ्या रेघेवर येऊन बसला. त्याचा हात बिलकूल कापत नव्हता, हे तिनं उजव्या डोळ्यानं पाहिलं. मग उजवा मिटला. रेघेनं पोट काढलं होतं. दोऱ्यानंही. दोघं मिळून, एकमेकांना न सोडता, बाहेर वळली होती आणि खाली परत सरळ झाली होती. शालूला वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. पण तिथं आई उभी होती, डोळे बारीक करून, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं.

"दोरीबी वाकडी हाय," शालू म्हणाली.

यज्ञेश्वरनं आधी दोऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या मिटलेल्या डोळ्याकडे. मग उघड्या डोळ्याकडे. त्याच्या कपाळावरचा चष्मा आपोआप घसरून नाकावर आला. दोरा त्यानं खाली ठेवला नाही, तसाच धरून राहिला, जणू तो सोडला तर काहीतरी पडेल. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तुझ्या पहिल्या काचेपासून. त्याआधी बहुतेक नसावं. असेल तर तेही बघावं लागेल." तिनं डोळा उघडला. "तिन्ही काचा चांगल्या होत्या. पहिलीसुद्धा."

बोलणारा माणूस गप्प बसला की टेबलाला कळतं; आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. मग ती उठली, गळ्यातल्या दोरीतून शिक्का काढला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. गोपाळकृष्ण साहेबांनी सगळं ऐकलं. पेनाचं टोपण लावलं, काढलं. ते वाईट माणूस नव्हते. "शालूताई," ते आवाज उतरवून म्हणाले, "उजवा चांगला आहे ना? मग त्यानं बघा. डॉक्टरला दाखवा, उपचार होतील, हल्ली इंजेक्शनं निघालीत. यज्ञेश्वरला मी आजच परत घेतो, ते माझ्याकडे लागलं. पण शिक्का द्यायची एवढी घाई कशाला? हे तुमच्या-माझ्या आणि यज्ञेश्वरच्या पलीकडे जायचं नाही."

कालचा तोच विचार, दुपारी तिच्याजवळ येऊन बसलेला, आता साहेबांच्या खुर्चीत बसून बोलत होता. किती प्रेमानं बोलत होता! "सर," ती म्हणाली, "दोन आठवडे मला खात्री होती. त्याआधी कधी नव्हती इतकी. तीच मला घाबरवते." शिक्का अजून तिच्या मुठीतच होता. "उद्या उजव्याचं तसंच झालं तर मला कळणार नाही. मी परत कुणाच्यातरी हाताला नाव ठेवीन. डॉक्टर बरं म्हणाले, लेखी म्हणाले, तर मागायला येईन. तोवर हा इथं. आणि या महिन्यात मी रेघा बघून पास केलेलं जे असेल ते परत काढा. बटणं राहू द्यात, ती मी बोटांनी पाहिलीत." तिनं शिक्का टेबलाच्या काचेवर ठेवला. लाकडी मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली.

साहेब उठून तिच्याबरोबर बाहेर आले. त्यांनी स्वतः पडदा पाहिला, दोन्ही डोळ्यांनी, मग एकेकानं, भिंगानं, आडवा-उभा. कोपऱ्यात कागदावर मशीनचे आकडे होतेच. खिशातून आपला शिक्का काढून त्यांनी कागदावर मारला, आणि यज्ञेश्वरकडे न बघताच म्हणाले, "खण लावून टाका तो परत. दोन काचा वाट बघतायत." यज्ञेश्वरनं फडकं उलगडलं, पकडी एकेक करून जागेवर मांडल्या. शेवटची मांडून झाल्यावर तो शालूच्या टेबलाशी आला. "दोन आठवडे मला काचा बदलायला लावल्यात," तो म्हणाला. "आता तुम्ही डोळा बदलून आणा. मी तपासून घेतो. तीनदा नापास करणार, आधीच सांगतो." आणि लगेच वळून निघून गेला, चष्मा कपाळावर सारत, जरा जास्तच वेळ सारत.

पडदा अजून उजळलेला होता. कुणीतरी जाळी घालवून क्षितिज आणलं होतं. वर निळं, खाली तपकिरी. शालूनं उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं रेघेकडे पाहिलं. ती मधेच खाली बसली होती, मऊ, ओल्या रानात कुणाचं पाऊल उमटावं तशी. तिनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्या खळग्याला म्हणाली, तू दिसतोस, पण तू तिथं नाहीस. मग मनगटाचा पट्टा सोडला. वायर टेबलावरून घरंगळून लोंबत राहिली. पट्ट्याखाली ठिपक्यांभोवतीची कातडी दाबून फिकी झाली होती, तिच्यात हळूहळू रंग परत येत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं, उजव्या हाताची मूठ मिटलेली होती आणि अंगठा तेवढा बाहेर राहिला होता, शिक्क्याच्या मुठीवर टेकायच्या जागी, हवेत. कुणी पाहत नव्हतं. पाहिलं असतं तरी चाललं असतं. तिनं तो सावकाश आत घेतला, आणि बांगड्यांच्या डब्याकडे निघाली.